कुणाचं बघून कोण

कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये सायलीच्या हातून कधी एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. एम.एस्सी. झालेली मुलगी, दशांशानंतरचे चार आकडे झोपेत विचारले तरी बरोबर सांगणारी. पण वडगाव रासाईच्या सार्थककडे आपण महिन्याला वीस मासे मागतो आणि तो पिशवीत दहाच घालून देतो, हे गणित तिला दोन वर्षांत एकदाही चुकीचं वाटलं नाही.

"बाकीचे दहा अजून बारके हायेत, मॅडम," सार्थक पाण्याकडे बघत म्हणायचा. "पंधरा दिवसांनी शनिवारी या."

"बरं," सायली दुसऱ्या टाकीतल्या पाण्याकडे बघत म्हणायची.

आणि या दोघांच्या आजूबाजूला, पूर्वी जर्सी गायी असायच्या त्या गोठ्यात, सिमेंटच्या चौदा टाक्यांमध्ये पाच-सहा हजार मासे शेपट्या हलवत हिंडत असायचे. त्यातले निम्मे तरी चांगले घोडे झालेले होते. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण या दोघांना दिसत नव्हतं आणि आपण तरी त्यांना कशाला सांगायचं.

मासे म्हणजे गप्पी. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात, त्याच जातीचे, पण सार्थककडचे रंगीत, पुण्याच्या दुकानांतून काचेच्या टाकीसाठी जाणारे. सायलीला ते कामासाठी लागायचे. कंपनीचं सांडपाणी शुद्ध करून सोडण्याआधी ते खरंच शुद्ध झालंय का, याबद्दल यंत्रं काय म्हणायचं ते म्हणतात, पण शेवटचा शब्द माशांचा. त्या पाण्यात दहा मासे सोडायचे, साध्या पाण्यात दहा, आणि चार दिवस लक्ष ठेवायचं. दोन्हीकडचे सारखेच टुणटुणीत राहिले की सायली कागदावर सही करायची.

एकदा परीक्षा दिलेले मासे पुन्हा परीक्षेला चालत नाहीत. इतर लॅबमध्ये त्यांचं पुढं काय होतं ते विचारू नये. सायली मात्र त्यांना पाण्याच्या बाटलीत भरून परत वडगावला घेऊन जायची. पहिल्यांदा तिने ती बाटली पुढे केली, तेव्हा सार्थक तिच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला होता. पुढच्या खेपेला कोपऱ्यातली एक टाकी रिकामी झालेली होती आणि तिच्यावर खडूने 'पेन्शनर' असं लिहिलेलं होतं. सायली त्या दिवशी चौफुल्यापर्यंत स्कूटीवर एकटीच हसत आली.

खरं म्हणजे मासे आणायला कंपनीचा शिपाई विनोद जाऊ शकला असता. तो दोनदा म्हणालाही होता. सायलीने त्याला सांगितलं की मासे नाजूक असतात, धक्का लागता कामा नये. विनोद म्हणाला, मॅडम, तुम्ही स्कूटी चालवता ती मी बघितलीय. सायलीने विषय बदलला.

सार्थकचं सांगायचं तर अठ्ठावीस वर्षांचा गडी, बी.एस्सी. झालेला, तीन एकर ऊस, घरात आई गिताबाई आणि आजोबा हौसराव आबा. स्वभावाने असा की टाकीला तडा गेला तरी आधी टाकीची माफी मागेल. आतापर्यंत चौदा मुलींकडून नकार आलेला. शेतकरी मुलगा नको, हे तर आताशा सगळेच म्हणतात. त्यात हा मासेवाला. "मुलगा काय करतो" या प्रश्नाला हौसराव आबांनी "मासं पाळतो" असं खरं उत्तर दिलं की पलीकडचा फोन आपोआप कट व्हायचा. चौदाव्या नकारानंतर सार्थकने स्वतःचं नाव त्या रांगेतून काढूनच टाकलं आणि सगळं लक्ष माशांच्या लग्नाकडे वळवलं.

तिथे मात्र तो बोलायला लागला की थांबायचा नाही. गप्पीचा नर बोटाच्या पेराएवढा, अंगावर केशरी ठिपके. मादी त्याच्या दुप्पट, राखाडी आणि आपल्याच नादात. नर तिच्या वाटेत आडवा येतो, अंगाला नागमोडी बाक देतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. मादी बघते. बहुतेक वेळा पुढे निघून जाते. तो पळत जाऊन पुन्हा आडवा येतो आणि पुन्हा थरथरतो.

"दिवसभर हेच?" सायलीने एकदा विचारलं होतं.

"दिवसभर. तिला वाटलं तर ती थांबती. सगळं तिच्याच हातात असतंय." मग जरा वेळाने, "जास्त केशरी नर त्यांना आवडत्यात."

सार्थकच्या अंगात त्या वेळी कबड्डीच्या कुठल्यातरी स्पर्धेचा केशरी टी-शर्ट होता, धुऊन धुऊन पार विटलेला. तो टी-शर्ट दर शनिवारी असायचा. सायली शास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे तिने यातून काहीही निष्कर्ष काढला नाही. फक्त त्या रात्री ती ताटात भात वाढून घेऊन त्यावर पाणी ओतत होती, तेव्हा तिची आई सविता म्हणाली, "अगं वरण तिकडं हाय."

तर असं हे दोन वर्षं मजेत चाललं होतं आणि आणखी दोन वर्षं चाललं असतं. पण तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई उघडली आणि कासुर्डीत सायलीच्या घरी सर्जेराव मामा आले.

सर्जेराव मामा कुणाचे सख्खे मामा नव्हते. यवतपासून पाटसपर्यंतची लग्नं जमवणं हे त्यांचं काम आणि खिशातल्या फोनमध्ये तीनशे मुलांचे बायोडाटा. त्यांनी आणलेला मुलगा पिंपरीचा, मोठ्या कारखान्यात परमनंट, दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट. मुलगा येऊन पोहे खाऊन गेला. वाईट नव्हता, हीच अडचण होती. नाव ठेवायला जागाच सापडेना. एका आठवड्यात तिकडून होकार आला आणि साखरबाई आत्याने पुढच्या रविवारी सुपारी फोडायचं ठरवून टाकलं.

साखरबाई आत्या म्हणजे सायलीच्या वडिलांची थोरली बहीण. वडील, ज्यांना सगळे आण्णा म्हणायचे, ग्रामपंचायतीत टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस, पण घरी आत्याने नुसता चष्मा काढला तरी हातातला पेपर खाली ठेवायचे. आत्या "हो" म्हणाली की घर हो म्हणायचं.

"आत्या, मला जरा विचार करू दे की," सायली म्हणाली.

"कर की. रविवारपातूर कर."

सायलीने बोटांवर दिवस मोजले. आणि मोजता मोजता तिला इतकं स्वच्छ दिसलं, की तिला पिंपरी नको होती, फ्लॅट नको होता, जगातला कुठलाच परमनंट मुलगा नको होता. तिला तो पाण्याकडे बघत बोलणारा, दहाच मासे देणारा माणूस हवा होता. हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. ती उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत हसत बसली.

पण हसून सुपारी थांबत नाही. घरात "वडगावचा मासेवाला" असं नुसतं म्हटलं असतं तरी आत्याने तिला रविवारच्या आत, शुक्रवारीच उजवली असती. आणि मासेवाल्याचं तरी काय? त्याच्या मनात काय आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? तो मॅडमच्या पुढे कधी गेला नव्हता.

मग तिला काचांचा तो प्रयोग आठवला.

मागच्या महिन्यात सार्थकने तो तिला करून दाखवला होता. लांबट टाकीचे काचा लावून तीन भाग केलेले. एका टोकाला एक नर, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोघेही रंगाने जवळजवळ सारखे. मधल्या भागात मादी. मादी आधी डाव्या नराच्या काचेपाशी जास्त रेंगाळली. मग सार्थकने उजव्या नराशेजारी दुसरी एक मादी नेऊन सोडली, दहा मिनिटं ठेवली आणि काढून घेतली. आता मधली मादी सरळ उजवीकडे गेली आणि काचेला नाक लावून बसली.

"ह्याला कुणीतरी पसंत केलंय म्हंजी ह्याच्यात काहीतरी असणार, असं तिला वाटतंय," सार्थक म्हणाला होता. "पण त्यात एक हाय. तरणी मादी थोरलीचं बघून करती. थोरली कधी तरणीचं बघून करत न्हाई."

आत्याला वळवायचं तर आत्याहून थोरली मादी हवी, असं सायलीच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी नाव समोर उभं राहिलं. अनसाबाई.

अनसाबाई ही आत्याची थोरली जाऊ. यवतला बंगला, चौफुल्याहून पारगावला जाणाऱ्या रस्त्याला गुऱ्हाळ. आत्याचे यजमान गेल्यावर ती माहेरी कासुर्डीला येऊन राहिली, त्याला तीस वर्षं झाली, पण जावेवरची नजर काही हलली नाही. अनसाबाईंनी मिक्सर घेतला की महिन्याभरात आत्याचा मिक्सर. अनसाबाईंनी जांभळी पैठणी घेतली की आत्याची पैठणी, जांभळीच. चार वर्षांपूर्वी अनसाबाईंनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. सहा महिन्यांत आत्यानेही दोन्ही बदलले. त्यातला डावा बिचारा चांगला चालत होता. हे सगळं करताना आत्या दर वेळी म्हणायची, "तिचं बघून करायला मला काय अक्कल न्हाई व्हय?"

सोमवारी सायली ऑफिसमधून परतताना यवतला अनसाबाईंकडे गेली. चहा झाला. सायलीने बंगल्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "काकू, ईशान्य कोपरा रिकामाच ठेवलाय तुम्ही. तिथं माशांची टाकी असावी म्हणतात. वास्तूला चांगलं."

अनसाबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "कुठं मिळत्यात मासं?"

"वडगाव रासाईला. पण स्वतः जाऊन निवडायला पाहिजेत."

मंगळवारी अनसाबाई मुलाला घेऊन पांढऱ्या गाडीतून वडगाव रासाईला गेल्या. बुधवारी सकाळी सर्जेराव मामा कासुर्डीत हजर. वडगावात कुणाच्या दारात एखादी गाडी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली की मामांना कळतं, तो त्यांचा धंदाच आहे.

"साखरबाई, तुमच्या जाऊबाई काल हौसरावाच्या घरी दोन तास बसल्या. च्या झाला. पोराला समोर बसवून इचारपूस केली. सुषमा न्हाई का त्यांची नात, लग्नाची."

आत्याच्या हातातली ताकाची वाटी तोंडापर्यंत गेली नाही. "हौसरावाचं पोरगं? ते मासं इकणारं?"

"इकत न्हाई हो, पाळतंय. पुण्याला जात्यात गाडी भरून."

"पुण्याला जात्यात व्हय." आत्याने वाटी खाली ठेवली. "अनसानं आयुष्यात एक गोष्ट वाईट निवडली न्हाई. मेली काचसुद्धा ठोकून घेती. दोन तास बसली म्हंजी काहीतरी बघितलं असणार तिनं."

स्वयंपाकघरात सायली लसूण सोलत होती. तिने एकच पाकळी तीनदा सोलली. आतून तिला इतकं उचंबळून येत होतं, की जवळ विनोद असता तर तिने त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं.

दुपारी आत्याने फर्मान काढलं. पिंपरीवाल्यांना सांगायचं, आण्णाला ताप आलाय, सुपारी आठवडाभर पुढं. आणि रविवारी वडगावला घर बघायला जायचं.

"मला कुठंय ताप?" आण्णा म्हणाले.

आत्याने चष्मा काढला. आण्णा पांघरूण घेऊन आत जाऊन निजले.

म्हणजे प्रयोग यशस्वी. सायलीने बुधवार आणि गुरुवार जमिनीला पाय न लावता काढले. आणि शुक्रवारी सर्जेराव मामांचा दुसरा फोन आला, की अनसाबाईंनी सुषमासाठी मनावर घेतलंय, रविवारीच नारळ घेऊन निघणार आहेत.

आता मात्र सायलीला खरोखर ताप आल्यासारखं झालं. काचेच्या टाकीत दुसरी मादी दहा मिनिटांनी काढून घेता येते. अनसाबाईंना काढून कोण घेणार? आपण हाताने जाऊन आपल्या माणसाच्या घराची वाट जगाला दाखवली, या विचाराने ती रात्रभर कूस बदलत राहिली. सार्थकला फोन करावा तर काय म्हणून? तिने मेसेज लिहिला, खोडला, लिहिला, खोडला. शेवटी जो पाठवला तो असा होता: 'उरलेले मासे तयार आहेत का?'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'तुमचे कायम तयारच असतात, मॅडम.'

ते वाक्य तिने चाळीस वेळा वाचलं. मग कायम बारके कसे असतात, हा प्रश्न एकेचाळिसाव्या वेळी तिच्या डोक्यात आला, आणि ती अंथरुणात ताडकन उठून बसली.

रविवार उजाडला. घर बघायला जाताना मुलीला नेत नाहीत. आत्या, आण्णा, मामा, बस. पण सायलीने सकाळीच आत्याच्या गुडघ्यांची काळजी सुरू केली. तिथं गोठ्याला मोठा उंबरा आहे, ओलं असतं, धरायला कुणी हवं.

"तुला गं काय ठाऊक तिथला उंबरा?" आई म्हणाली.

"सगळ्या गोठ्यांना असतो," सायली म्हणाली आणि आधी जाऊन गाडीत बसली.

पारगाव ओलांडलं, भीमेचा पूल ओलांडला, आणि वडगावात हौसरावांच्या दारात त्यांची गाडी वळली तेव्हा तिथे पांढरी गाडी आधीच उभी होती.

"आलीच का ही," आत्या म्हणाली आणि दोन्ही नवे गुडघे वापरून भराभर उतरली.

हौसराव आबांनी धंदा दिसावा म्हणून बैठक गोठ्यातच मांडली होती. एका टोकाला खुर्चीत अनसाबाई, मांडीवर नारळ, शेजारी त्यांचा मुलगा. दुसऱ्या टोकाला आता साखरबाई आत्या बसली, शेजारी आण्णा आणि सर्जेराव मामा. मधे फेटा बांधलेले आबा. दोन वर्षांत लग्नासाठी म्हणून दारात कुत्रं थांबलं नव्हतं आणि आज दोन गाड्या. म्हाताऱ्याचं डोकं गरगरत होतं. ते एकदा डावीकडे हसत होते, एकदा उजवीकडे. सायली आत्याच्या खुर्चीमागे, पेन्शनरांच्या टाकीला टेकून उभी राहिली आणि मनाशी म्हणाली, हे तर तेच, फक्त आज मधल्या काचेत आबा आहेत.

"आमची सुषमा बी.कॉम. हाय," अनसाबाईंनी सुरुवात केली. "घरकामाला हुशार."

"आमची एम.एस्सी. हाय," आत्या म्हणाली. "नोकरी कायमची."

"आमच्याकडं पोरी सासूला धरून राहत्यात."

"आमच्यात तर सासूला पगार आणून देत्यात."

"जरा पाणी द्या कुणीतरी," आबा म्हणाले.

एवढ्या माणसांचे पोहे गिताबाईंच्या एकटीच्या गळ्यात पडले होते. त्यामुळे बघण्याच्या कार्यक्रमात जगभर जे मुलगी करते, ते त्या दिवशी मुलाला करावं लागलं. सार्थक स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आला. आईने त्याला पांढरा, इस्त्रीचा, कॉलर टोचणारा शर्ट घातला होता. केशरी म्हणून अंगावर एक धागा नव्हता. कासुर्डीची कुणीतरी पार्टी येणार एवढंच त्याला ठाऊक होतं, कारण ठरेपर्यंत मुलीकडच्यांचं नाव सर्जेराव मामा स्वतःच्या बायकोलाही सांगत नाहीत. तो गोठ्याच्या बुटक्या दारातून वाकून आत आला, खांबाला वळसा घालून वळला, आणि तसाच अर्धा वाकलेला, कंबरेत बाक दिलेला, सायलीला बघून जागीच थबकला.

ट्रेमधल्या कपांनी किणकिण सुरू केली. मग बशांनी. मग ट्रेने. मग सार्थक डोक्यापासून पायापर्यंत थरथरत होता आणि सायलीच्या चेहऱ्यावरून नजर काढायचं त्याच्याने होत नव्हतं.

सायलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू आणि रडू एकाच वेळी यायला लागलं होतं.

"पोराला थंडी वाजती का?" आण्णांनी काळजीने विचारलं.

"बाबा सार्थक, तूच सांग," आबा म्हणाले. "दोन्ही घरं मोठी. तुझं काय म्हणणं हाय?"

सार्थकने तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. कप मात्र बोलत राहिले.

आबांनी वाट बघितली. मग फेटा सारखा केला. "पोरगं लाजतंय. मग मी आपला रीतीनं चालतो. जे आधी आले त्यांचा मान आधी. अनसाबाई मंगळवारी आल्या, आजबी गाडी त्यांचीच आधी लागली. तर माझा शबुद—"

"आबा, आधी मी आले."

गोठ्यातल्या सगळ्या माना टाकीकडे वळल्या. सायलीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, पण आता तो थांबणार नव्हता.

"मंगळवारी न्हाई, दोन वर्षांपूर्वी. दर महिन्याला दोनदा आले. मासे न्यायला येते म्हणायचे, पण मासे आणायला आमचा शिपाई सुद्धा आला असता. मी ह्यांना बघायला यायचे. मला हे पसंत आहेत. पहिल्यापासून आहेत." तिने श्वास घेतला. "आणि अनसाकाकूंना इथं मीच पाठवलं. काकूंनी बघितलं की आत्या बघणार, म्हणून. चुकलं माझं. पण पसंती माझी आहे. ती कुणाचं बघून केलेली न्हाई."

आण्णांनी आत्याकडे बघितलं. आत्याचा हात चष्म्याकडे निघाला होता.

आणि अनसाबाई हसायला लागल्या. पोट धरून, मांडीवरचा नारळ गडगडत खाली जाईपर्यंत हसल्या.

"ईशान्य कोपरा मला शिकवती व्हय गं? दोन वर्षं मी गुऱ्हाळापाशी बाजेवर बसून तुझी स्कूटी बघती. जाताना पाण्याची बाटली मांडीत धरून घाईनं जायची, आन् येताना एकटीच हसत यायची. एवढी शिकलेली, नाकासमोर चालणारी पोर, आन् येवढं पेट्रोल जाळती, म्हंजी पोरगं लाखात एक असणार. म्हणून तर मी सुषमासाठी बघायला आले. तू सांगितलं नसतं तरी आले असते." त्यांनी डोळे पुसले. "मी तुझंच बघून आले, पोरी. आता तूच उभी हाय म्हटल्यावर आमचं काय काम हितं?"

थोरली तरणीचं बघून करत नाही, असं शास्त्र सांगत होतं. शास्त्राला यवतच्या अनसाबाई माहीत नव्हत्या.

पण खरी गंमत आत्याच्या चेहऱ्यावर चालली होती. चष्म्याकडे निघालेला हात हवेतच थांबला होता आणि तोंडावर हळूहळू असं काही पसरत होतं, जे कासुर्डीच्या घरात कुणी तीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"थांब अनसा," ती म्हणाली. "म्हंजी तू आमच्या पोरीचं बघून आलीस?"

"व्हय की."

"मिक्सर, पैठणी, गुडघं, सगळं सोड. ह्या वेळी तू आमचं बघून केलंस."

"केलं बाई. ह्या वेळी केलं."

आत्या ताठ बसली. तिने पदर सारखा केला आणि आण्णांकडे न बघता म्हणाली, "आण्णा, पिंपरीवाल्यांना कळवून टाक, तुझा ताप काय उतरत न्हाई म्हणावं. आन् तो नारळ उचला खालचा. आणलाच हाय तर हितंच फोडू."

मग एकदम सगळे बोलायला लागले. सर्जेराव मामा फोनमधून एक बायोडाटा पुसत होते, अनसाबाईंचा मुलगा खुर्चीखाली नारळ शोधत होता आणि आबा गिताबाईंना हाका मारत होते की साखर आण, साखर. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सायली पुढे झाली आणि तिने ट्रेची दुसरी बाजू धरली. आता दोघंही थरथरत होती, त्यामुळे काही फरक पडला नाही.

सार्थक या वेळी पाण्याकडे बघत नव्हता.

"सायली," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "एक खरं सांगायचंय. वीसच्या वीस मासे पहिल्या दिवसापासनं तयार होते."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला मोजता येतं."